व्हीटेक ठेवायची की काढायची

रविवार, रात्री साडेदहा

शोरूमवाल्याचा आज परत फोन. "दसऱ्याला गाडी दारात हवी असेल तर आत्ताच बुक करा, साहेब." फोक्सवॅगन व्हर्टस, दीड लिटर टर्बो, १५० हॉर्सपॉवर. चालवून बघितलीय. शिरोलीच्या पुढं जरा मोकळा रस्ता मिळाला, पाय दाबला आणि पाठ सीटला चिकटली. नाव ठेवायला जागा नाही.

आणि दारात उभी आहे २००२ ची होंडा सिटी व्हीटेक. १०६ हॉर्सपॉवर. चार दारं, मागं डिकी. हिला स्पोर्ट्स कार म्हटलं की लोक हसतात. हसू देत. पन्हाळ्याच्या चढाला जो हिच्यात बसलाय तो हसत नाही. गावात फिरताना अगदी शहाण्या बाळासारखी. पण इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर चढला की ऑइलच्या दाबानं आतली पिन सरकते, व्हॉल्व्ह जास्त उघडणाऱ्या मोठ्या कॅमवर चालायला लागतात आणि आवाजच पालटतो. व्हीटेक म्हणतात ते हेच. टर्बोत ताकद आयती मिळते. हिच्यात ती गिअर टाकून, इंजिन ओढून काढावी लागते. मला तेच आवडतं.

जुन्या गाडीचं कौतुक कोल्हापूरकराला शिकवायला नको म्हणा. दसरा चौकात छत्रपतींची १९३६ ची मेबॅक आली की पोरं-म्हातारी सगळी मोबाईल वर करून उभी. तिला मायलेज किती, असं कुणी विचारत नाही.

मला मात्र विचारतात. दुपारी उद्यमनगरात मिस्त्रींकडे गेलो होतो. त्यांनी पेट्रोलचा रबरी पाइप काढून दोन बोटांत वाकवला. बारीक बारीक चिरा उघडल्या. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून जुन्या गाडीचं रबर आधी बघावं लागतं, २००२ चे पाइप आणि सील त्या पेट्रोलच्या हिशेबानं बनलेलेच नाहीत. पाइप, फिल्टर, सील सगळं बदलायचं ठरलं. सस्पेन्शनचे बुश बाजारात मिळाले तर ठीक, नाहीतर नमुना दाखवून लेथवर काढून घ्यायचे. फाउंड्रीच्या गावात राहण्याचा एवढा तरी फायदा.

"मिस्त्री, काढून टाकू का हिला?"

"काढा की. मलाच द्या."

एजंटानं सांगितलेल्या किमतीत नव्या गाडीचा रोड टॅक्ससुद्धा भागत नाही. पुढच्या वर्षी परत पासिंग; वीस वर्षांवरच्या मोटारीला नोंदणीच्या नूतनीकरणाचेच १० हजार, वर पर्यावरण कर. तरीही विकण्यात राम नाही. पैशाचा हिशेब इथंच मिटतो.

न मिटणारा प्रश्न बायकोनं परवा जेवताना विचारला. "अहो, हिच्यात एअरबॅग किती?"

एकही नाही. व्हर्टसला ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे आहेत. लेक आता पुढं बसायचा हट्ट धरते. गगनबावड्याहून खाली उतरताना एखादा ट्रक वळण कापून अंगावर आला तर व्हीटेकचा आवाज काय कामाचा? यावर माझ्याकडं उत्तर नाही, आणि उगाच शोधायचंही नाही. लेकीला घेऊन हिच्यात गावाबाहेर जायचं नाही, हे नक्की.

पण मग सुरक्षित गाडी हवी तर दीड लिटरच कशाला? तीच व्हर्टस एक लिटर टर्बोत मिळते. ११५ हॉर्सपॉवर, सांगाडा तोच. घरच्यांना घेऊन जायला तेवढी रग्गड. फरकाच्या पैशात व्हीटेकचे टायर, सस्पेन्शन, पाइप, सगळं होऊन वर उरतील. म्हणजे वेगासाठी नवी घ्यायचीच नाही. वेगाची हौस जुनीवर, घाटात, एकट्यानं.

दोन गाड्या लावायला जागा आहे, तिसरीला नाही. तेव्हा जायची ती बायकोची हॅचबॅक. तिलाही एअरबॅग नाहीतच. मगाशी हे सगळं नीट समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे माझी गाडी विकून तुमची ठेवायची, असंच ना?"

शोरूमवाल्याला उद्या सांगतो म्हटलंय. परवा सांगेन.