कॅरिबियन क्रूझ: धक्क्यावर उतरल्यानंतरचे सात तास

जहाज सकाळी ८ ला बंदराला लागतं आणि संध्याकाळी ५ ला सुटतं. वेळापत्रकात हे नऊ तास दिसतात. प्रत्यक्षात स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी मिळून, जिना लागून लोक उतरायला लागेपर्यंत अर्धा तास जातो. पहिल्या तासाभरात लिफ्टसमोर रांगा असतात. परत चढायची शेवटची वेळ बहुधा सुटायच्या अर्धा तास आधीची, कधी त्याहूनही आधीची असते. हातात उरतात सात तास. बरोबर चार-पाच वर्षांचं मूल आणि सत्तरीचे आजी-आजोबा असतील तर सहाच धरा. कुठल्या बेटावर काय करायचं हे माहितीपत्रकातल्या फोटोंवरून नव्हे, या सहा-सात तासांवरून ठरवायचं असतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती मेक्सिकोतल्या कोझुमेलला. सहलींच्या यादीत तुलूमचे माया अवशेष दिसतात, निळ्या समुद्रावरच्या कड्यावर उभे, आणि कुटुंबच्या कुटुंब ते बुक करून टाकतं. पण कोझुमेल हे बेट आहे आणि तुलूम समोरच्या मुख्य भूमीवर. फेरीने प्लाया देल कारमेनला पाऊण तास, चढण्या-उतरण्याच्या रांगा वेगळ्या, तिथून बसने तासभर, शिवाय बस थांबते तिथून प्रवेशद्वारापर्यंत पाऊण-एक किलोमीटर चाल. पावणेनऊला गट जमला तर अवशेषांपाशी पोचेपर्यंत साडेअकरा वाजतात, ऊन डोक्यावर येतं, सावली जवळपास नाही, आणि हातात जेमतेम दीड तास. त्यात मधली खाडी वाऱ्याच्या दिवशी चांगलीच खवळते. सबंध सफरीत काही न झालेल्या मुलांना त्या छोट्या फेरीत हमखास बोट लागते, कारण मोठं जहाज लाटांवरून सरकतं आणि फेरी लाटांवर आपटते.

मुलं दहा वर्षांच्या पुढची आणि खरंच उत्सुक असतील तर जरूर जा. त्याहून लहान असतील तर बेटावरच थांबा. सान हेर्वासियो हे माया अवशेष बेटाच्या आतल्या भागात आहेत, तुलूमइतके देखणे नाहीत, पण टॅक्सीने जाऊन सकाळच्या सकाळी परतता येतं. दुपार चांकानाबच्या किनाऱ्यावर काढावी. मार्गात कोस्ता माया हे बंदर असेल तर चाकचोबेनचे अवशेष तिथून बसने साधारण तासाभरावर आहेत, मध्ये बोट नाही आणि झाडांची सावली आहे.

आता घड्याळ. बरीच जहाजं निघाल्या बंदराची वेळ पूर्ण सफरभर तशीच ठेवतात, काही वाटेत बदलतात. फोन मात्र किनाऱ्याचं नेटवर्क सापडलं की गुपचूप स्थानिक वेळ दाखवायला लागतो. समजा, जहाज मायामीहून निघालं. तिथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे केलेलं असतं. कोझुमेल, जमैका, ग्रँड केमन इथे ते बदलत नाहीत. म्हणजे जहाजाने मायामीची वेळ ठेवली असेल तर जुलैत फोनवर साडेतीन वाजलेले असताना जहाजावर साडेचार झालेले असतात. रोआतान आणि बेलीझला हा फरक उन्हाळ्यात दोन तासांचा होतो. हिवाळ्यात सेंट थॉमस आणि सेंट मार्टेन मायामीच्या एक तास पुढे असतात. तिथे चूक झाली तर तासभर लवकर परताल, एवढंच. उपाय अगदी साधा: घरातल्या एकाने तरी साधं काट्यांचं घड्याळ घालायचं, ते जहाजाच्या वेळेला लावायचं आणि सगळ्यांनी तेच प्रमाण मानायचं.

जहाजाच्या कंपनीकडून सहल घ्यावी की बाहेरून, यावर वाद घालणारे घालोत. कंपनीची सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं, किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची सोय कंपनी करते. बाहेरच्या सहलीला हे संरक्षण नाही. जहाज गेलं तर विमानाचं तिकीट, हॉटेल, सगळं आपल्या खिशातून. म्हणून नियम करा: बोटीतून जायचं असेल, डोंगर ओलांडायचा असेल किंवा एकच रस्ता असेल, तर कंपनीची सहल. धक्क्यापासून अर्ध्या तासाच्या आतला किनारा असेल तर स्वतः टॅक्सी करा. पाच-सहा जणांच्या कुटुंबाला ते बरंच स्वस्त पडतं आणि मूल कंटाळलं की उठून निघता येतं. बसभर लोकांच्या वेळापत्रकात ही सोय नसते. शेवटची वेळ साडेचारची असेल तर किनारा तीनला सोडायचा. वाऱ्यामुळे बंदरच रद्द झालं तर कंपनीच्या सहलीचे पैसे आपोआप परत मिळतात. बाहेरच्यांच्या अटी बुक करतानाच वाचून घ्याव्यात.

ग्रँड केमनला मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही. जहाज जॉर्ज टाउनसमोर समुद्रात थांबतं आणि टेंडर नावाच्या छोट्या बोटी किनाऱ्यावर नेतात. बेलीझ सिटीलाही तसंच. तिथे प्रवाळ आणि उथळ पाण्यामुळे जहाज बरंच दूर उभं राहतं. टेंडरच्या बंदरावर जाण्यात आणि येण्यात मिळून आणखी तासभर कापा. कंपनीच्या सहलीवाल्यांना आधी सोडतात, बाकीच्यांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या मिळतात. टेंडरमध्ये पाय टाकताना दोन्ही हात मोकळे हवेत. दोन खलाशी दंडाला धरतात, बोट लाटेबरोबर वर येते आणि ते ‘आता’ म्हणतात त्याच क्षणी पाऊल टाकायचं. कडेवर मूल, हातात स्ट्रोलर आणि खांद्यावरून घसरणारी पिशवी असा अवतार असेल तर खोळंबा होतोच, पडायची भीतीही असते. स्ट्रोलर घडी करून आधी खलाशाच्या हातात द्या.

हिवाळ्यात वायव्येचा वारा सुटला की जॉर्ज टाउनला बोटी लावता येत नाहीत आणि टेंडर बेटाच्या दक्षिणेला स्पॉट्स नावाच्या ठिकाणी नेतात. बाहेरून बुक केलेला मार्गदर्शक तुमची वाट जॉर्ज टाउनला बघत असेल, म्हणून त्याचा नंबर कागदावर लिहून ठेवा आणि अशा दिवशी भेट कुठे हे आधीच विचारून घ्या.

केमनचं मुख्य आकर्षण म्हणजे नॉर्थ साउंडमधला पाकटांचा (स्टिंगरे माशांचा) वाळूचा पट्टा. कोळी पूर्वी तिथे बोटी थांबवून मासे साफ करायचे, टाकलेल्या घाणीवर पाकट यायला लागले आणि माणसांना सरावले. पाणी मोठ्यांच्या कमरेइतकं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. याचा अर्थ पाच वर्षांच्या मुलाच्या हनुवटीपर्यंत, आणि लाट आली की नाकावर. लाइफ जॅकेट घालून मोठ्याच्या कडेवरच राहावं लागतं, हे धरून चला. पाण्यात पाऊल उचलून टाकायचं नाही, वाळूतून फरफटत न्यायचं. पाकटाच्या शेपटीवर काटा असतो आणि तो अंगावर पाय पडला तरच मारतो; वाळू हलली की तो आपणहून सरकतो. काटा लागलाच तर सोसेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. बर्फ लावू नये, वेदना उष्णतेनेच कमी होतात.

स्नॉर्केलिंगची सहल बिघडते ती बहुतेक वेळा मास्कमुळे. सहलीवर मिळणारे मास्क मोठ्यांच्या मापाचे असतात. मुलाच्या चेहऱ्यावर गालापाशी फट राहते, पाणी नाकात जातं आणि मूल पुन्हा पाण्यात उतरायला तयार होत नाही. मुलांचे मास्क घरूनच न्यावेत. माप बघायची रीत अशी: पट्टा मागे न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत घ्यायला सांगा आणि हात सोडा. मास्क पाच सेकंद चिकटून राहिला तर बरोबर. घसरला तर पट्टा आवळून उपयोग नाही, उलट रबराची कड मुडपते आणि जास्त गळतं. कपाळावरचे केस कडेखाली अडकले तरी पाणी शिरतं. एक बटसुद्धा पुरते. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला तेलकट थर असतो, तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने आतून दोन-तीनदा घासून काढा, नाहीतर सारखं धुकं धरतं.

पूर्वेकडच्या मार्गावर सेंट थॉमस लहान मुलांसाठी सगळ्यात सोपं. मेगन्स बेचा किनारा वळणदार आणि शांत, तळ हळूहळू खोल होत जातो. उघड्या बाकांच्या टॅक्सीचं भाडं तिथे गाडीमागे नाही, माणशी असतं आणि सरकारने ठरवलेलं असतं. तरी बसण्यापूर्वी एकूण आकडा विचारावा. गाड्या डाव्या बाजूने चालतात, पण त्यांचं स्टिअरिंगही डावीकडेच असतं. भाड्याने गाडी घेऊन चालवायचा मोह इथे टाळलेला बरा.

सेंट मार्टेनला सगळ्यांना माहो किनाऱ्यावर डोक्यावरून उतरणारी विमानं बघायची असतात. बघा, पण धावपट्टीच्या कुंपणापासून लांब उभे राहा. उड्डाण घेणाऱ्या जेटच्या झोताने माणसं उडून पडली आहेत आणि २०१७ मध्ये एका पर्यटक महिलेचा त्यात मृत्यू झाला. तिथे मुलांना घेऊन जाणं, आमच्या मते, फक्त लांबून बघायच्या तयारीनेच. दुसरी गोष्ट रस्त्याची: जहाज लागतं त्या फिलिप्सबर्गला परतताना वाटेतला सिंप्सन बेचा पूल दिवसातून काही वेळा शिडाच्या बोटींसाठी उघडतो. तेवढा वेळ गाड्या थांबतात आणि मागे रांग वाढत जाते. जहाज चुकवायची ही खात्रीची जागा.

जमैकाला ओचो रिओसजवळ डन्स रिव्हर धबधबा सुमारे १८० मीटर लांबीचा पायऱ्या-पायऱ्यांचा आहे, आणि लोक हाताला हात धरून तो चढतात. पाण्यात घालायचे, घट्ट बसणारे, रबरी तळाचे बूट लागतात. चपला वाहून जातात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बाजूच्या पायऱ्यांनी चढावं. आणि एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: जमैका, बार्बाडोस, सेंट लुसिया, ग्रेनाडा इथे लष्करी छापाचे कपडे नागरिकांनी घालणं बेकायदा आहे. मुलांच्या चड्ड्या-टोप्यासुद्धा त्यात येतात. बॅग भरतानाच काढून ठेवा.

सनस्क्रीनचंही तसंच. सेंट थॉमस ज्यांत येतं त्या यूएस व्हर्जिन आयलंड्समध्ये २०२० पासून ऑक्सिबेंझोन, ऑक्टिनोक्सेट आणि ऑक्टोक्रायलिन असलेल्या क्रीमवर बंदी आहे. अरुबानेही ऑक्सिबेंझोन बंद केलं आहे. झिंक ऑक्साइडचं घ्या. मुलांना लांब बाह्यांचे पोहण्याचे टी-शर्ट घातले की क्रीम निम्मं लागतं आणि भांडणंही निम्मी होतात.

चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. जहाज वादळ चुकवून जातं, पण मार्ग बदलतो, आणि करारानुसार कंपनीला तो अधिकार असतो. त्या काळात जायचंच असेल तर अरुबा-कुरासाओचा दक्षिण मार्ग बरा, तिथवर वादळं क्वचितच येतात. वसंतात आणि उन्हाळ्यात तपकिरी सारगॅसम शेवाळ किनाऱ्यावर लोटतं, सडल्यावर त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो. पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांना त्रास जास्त. कोस्ता मायाला तर फारच, उलट कोझुमेलचा पश्चिम किनारा बऱ्यापैकी स्वच्छ राहतो.

जहाजावरच्या गोष्टी थोडक्यात. बोट लागणाऱ्यांसाठी मधली आणि खालच्या मजल्यांवरची केबिन घ्या. गोळी मळमळायच्या आधी घ्यायची असते, आणि मुलांचा डोस डॉक्टरांकडून घरीच ठरवून न्यावा. सर्ज प्रोटेक्टर असलेली विजेची पट्टी चढतानाच काढून घेतात, कारण जहाजाच्या वीजजोडणीत ती तापून पेटू शकते. साधा यूएसबी चार्जर न्या. भिंती पोलादी असतात, तेव्हा चुंबकाचे हुक ओल्या कपड्यांसाठी फार कामाचे. डायपरमधल्या बाळाला मुख्य तलावात उतरू देत नाहीत, पोहण्याचा डायपर असला तरीही. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर पुरेसं काम करत नाही, जेवणाआधी साबणानेच हात धुवायचे.

भारतीय पासपोर्टवर अमेरिकेहून निघून तिथेच परतायचं असेल तर व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा, कारण परतताना तुम्ही पुन्हा अमेरिकेत प्रवेश करता. प्रत्येक बेटाचे नियम वेगळे असतात, कंपनीकडून आपल्या नागरिकत्वासाठीची यादी लेखी मागवा. निघायच्या आदल्या दिवशीच त्या शहरात पोचा. चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावर द्याव्या लागतात आणि त्या केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते. औषधं, पोहण्याचे कपडे, बाळाचं दूध आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवा.

शेवटच्या रात्री उलटं होतं. झोपण्यापूर्वी बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, आणि त्या थेट सकाळी धक्क्यावर दिसतात. घाईघाईत सगळं भरताना सकाळचे कपडे आणि बूटही आत जातात. पायजम्यात आणि अनवाणी उतरणारं कोणी ना कोणी असतंच. उद्या घालायचं ते आधी पलंगावर काढून ठेवा, मगच बॅगेची चेन लावा.