एसी कंपनीत नोकरी आणि रविवारी स्वतःची कामं

ठाण्यात वागळे इस्टेटला किंवा महापे-ऐरोलीकडे एसीच्या कंपनीत टेक्निशियन असाल आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःची कामं घ्यायची असतील, तर आधी नेमणूकपत्र काढून वाचा. दुसरा व्यवसाय करणार नाही, असं कलम त्यात बहुतेक असतंच. नोकरी सोडल्यानंतरची बंदी १८७२च्या करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही, पण नोकरीत असेपर्यंतची अट टिकते. म्हणून परवानगी लेखी घ्या आणि मागताना नेमकं मागा: फक्त घरगुती स्प्लिट, फक्त रविवारी, कंपनीच्या एकाही ग्राहकाकडे नाही. कंपनी ऑफिसांचे मोठे प्लांट सांभाळत असेल तर परवानगी मिळणं सोपं जातं.

ग्राहक स्वतःहून म्हणतात, “दादा, रविवारी तुम्हीच येऊन करून द्या ना, कंपनीला कशाला सांगायचं?” सरळ नाही म्हणा. एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, संपलेल्या ग्राहकालाही नाहीच. गॅसचा दाब मोजायचे गेज, धुण्याचा जेट पंप, गॅसचा सिलिंडर सगळं स्वतःचं हवं. कंपनीच्या सिलिंडरमधला शंभर ग्रॅम गॅससुद्धा चोरीच ठरतो.

पण नोकरी खरी धोक्यात येते ती रविवारच्या कामाबद्दल मंगळवारी दुपारी, कंपनीच्या वेळेत, येणाऱ्या तक्रारीच्या फोनमुळे. त्यामुळे परत बोलावणं येणार नाही अशीच कामं निवडा. गॅस चार्जिंग पहिल्या सीझनला घेऊच नका. नुसता टॉप-अप केला की गॅस पुन्हा त्याच फ्लेअर जॉइंटमधून, म्हणजे नटाने आवळलेल्या पाइपच्या जोडातून, जातो. नीट करायचं तर नायट्रोजन भरून साबणाच्या फेसाने लीकेज शोधणं, पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून ५०० मायक्रॉनपर्यंत व्हॅक्यूम, मग मशीनच्या प्लेटवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरणं, यात अर्धा दिवस जातो. त्यात आर-३२ हा एसीतला गॅस ज्वलनशील. लाइन पूर्ण रिकामी केल्याशिवाय पाइप जोडायचा ज्योतीचा टॉर्च लावायचा नाही. नवीन फिटिंगही नको, कारण बऱ्याच सोसायट्या रविवारी ड्रिल चालवू देत नाहीत.

उरते वेट सर्व्हिस, म्हणजे पाण्याने धुऊन केलेली सफाई, आणि तीच धरा. मेन स्विच बंद, पीसीबीवर (इलेक्ट्रॉनिक सर्किटवर) प्लास्टिक, खाली पाणी झेलणारं जॅकेट. जेटचा फवारा कॉइलच्या पत्र्यांना समांतर ठेवा, तिरका मारला तर पत्रे वाकतात आणि हवा अडते. ब्लोअर हाताने फिरवत मागूनही धुवा. घोडबंदरला बांधकामाची धूळ इतकी की ड्रेनमध्ये चिखलच साचतो. त्यामुळे निघण्यापूर्वी ड्रेन पॅनमध्ये लिटरभर पाणी ओता आणि पाइपच्या दुसऱ्या टोकाला ते सगळं बाहेर पडतंय का, हे स्वतः बघा. इनडोअरमधून पाणी गळतंय ही तक्रार बहुतेक हे बघायचं राहून गेल्यामुळेच येते. बिगर-इन्व्हर्टर मशीनचा कॅपॅसिटर डिस्चार्ज करून मोजा. छापलेल्या आकड्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांहून खाली असेल तर ग्राहकाला दाखवून बदला.

एका मशीनला तास-सव्वा तास धरा. रविवारी चारच, तेही एकाच पट्ट्यात: नौपाडा आणि कोपरी चालेल, कळवा आणि खारघर एका दिवसात नको.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत आहे. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, पगार त्यात धरत नाहीत. ही कमाई प्राप्तिकराच्या रिटर्नमध्ये मात्र दाखवायची.

आणि एक. रविवारच्या खासगी कामात अपघात झाला तर तो ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, लेखी कामावरचा अपघात नाही. स्वतःचा अपघात विमा आणि सेफ्टी बेल्ट घेतल्याशिवाय चौदाव्या मजल्यावरच्या आउटडोअरला हात लावू नका.