तरतूद

माझा राग मारहाणीचा कधीच नव्हता, तो शब्दांचा होता, आणि म्हणूनच कदाचित त्याला पाप म्हणायला मी फार वर्षे लावली. संध्याकाळी घरात पाऊल टाकल्यापासून अर्ध्या तासाच्या आत कुठल्यातरी क्षुल्लक कारणावरून मी पत्नीला किंवा मुलांना लागेल असे बोलायचो, रात्री तिची क्षमा मागायचो, मग गुडघे टेकून रडत देवापुढे पाप कबूल करायचो आणि शांत झोपायचो. ती क्षमा खोटी होती असे मी म्हणत नाही, कारण पापे कबूल केली तर देव क्षमा करतो, हे बायबलमधील योहानाच्या पहिल्या पत्रातील अभिवचन खरेच आहे. परंतु ती शांती मिळाली की मी त्या विषयाला हातच लावत नसे, आणि पुढच्या आठवड्यात तेच सारे पुन्हा घडत असे. माझ्या अश्रूंनाच मी पश्चात्ताप समजत होतो.

या चक्राकडे मला नीट पाहायला लावले ते चौथ्या-पाचव्या शतकातील ख्रिस्ती धर्मगुरू संत ऑगस्टीनच्या अनुभवाने. विकृत इच्छेतून वासना, वासनेची सेवा करता करता सवय, आणि सवयीला विरोध केला नाही की तिची सक्ती, अशी एकात एक अडकलेल्या कड्यांची साखळी त्याने स्वतःविषयी लिहिताना दाखवली आहे. ३८६ साली मिलानमधील बागेत त्याने प्रेषित पौलाचे रोमकरांस लिहिलेले पत्र उघडले आणि त्याची नजर ज्या वचनावर गेली, त्याचा शेवट त्या पत्राच्या १३:१४ मध्ये आहे : प्रभू येशू ख्रिस्ताला परिधान करा आणि देहवासनांसाठी तरतूद करू नका. पुढच्या वर्षी ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. आपल्या सभांमध्ये ही साक्ष बहुधा इथेच संपते, याचे मला वाईट वाटते, कारण दहाहून अधिक वर्षांनी, बिशप झाल्यावर, त्याच ऑगस्टीनने खाण्याचा मोह आणि लोकस्तुतीची आवड यांच्याशी आपला झगडा अजून चालू असल्याचे मोकळेपणाने लिहिले. जुन्या पापाने थकलेल्या विश्वासणाऱ्याला साक्षीचा हा भागही ऐकायला मिळाला पाहिजे.

माझे मन मात्र ‘तरतूद’ या शब्दावर अडले. रागाची तरतूद मी कुठे करत होतो? शोधल्यावर ती घरात नव्हे, घरी येतानाच्या बसमध्ये सापडली. तो पाऊण तास मी दिवसभरातील अपमान मोजत असे, कोणाला काय उत्तर द्यायला हवे होते ते मनात घोळवत असे, आणि स्वतःची बाजू इतकी पक्की करत असे की दार उघडणाऱ्या माणसाची चूक आधीच ठरलेली असे. उंबरठ्यावर संयमासाठी केलेली प्रार्थना अपुरी पडत होती, कारण मी स्वतःच पाऊण तास लाकडे रचून आलेलो असे.

तो वेळ नुसता रिकामा ठेवूनही भागले नाही. झाडून स्वच्छ केलेल्या रिकाम्या घरात अशुद्ध आत्मा आणखी सात आत्मे घेऊन परततो, हे प्रभूने सांगितले आहेच. म्हणून मी त्या प्रवासात एक स्तोत्र सावकाश वाचू लागलो आणि ज्यांच्यावर मन चिडलेले असेल त्यांची नावे घेऊन त्यांच्यासाठी प्रार्थना करू लागलो. सुरुवातीचे कित्येक दिवस ओठ प्रार्थना करत आणि मन हिशेबच करत राही. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापे कबूल करा असे म्हटले आहे, ते मी सर्वांत शेवटी केले, कारण तेच सर्वांत जड होते. मंडळीतील एका वडीलधाऱ्या बंधूंना मी सारे सांगितले. त्यांनी उपदेश केला नाही, दर शनिवारी ते फोन करून एवढेच विचारतात, “या आठवड्यात घरी कसे बोललात?”

गेल्या महिन्यात मुलाच्या गुणपत्रिकेवरून मी पुन्हा तसाच बोललो. शनिवारची वाट न पाहता त्याच रात्री मी त्यांना फोन केला. दुसऱ्या दिवशी बसमध्ये यादीतले पहिले नाव मुलाचे होते.