तळव्याची तपासणी

आज आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांची नियमित तपासणी होती. 11 वर्षे मधुमेह असलेल्या एका आजींची उपाशीपोटीची साखर 118 आली आणि त्या समाधानाने उठू लागल्या. परंतु मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारे एचबीएवनसी 9.2 टक्के, बरेच जास्त होते, म्हणजे पथ्य शेवटच्या चार दिवसांचेच होते. अशा वेळी मी रागावत नाही, कारण रागावले की पुढच्या खेपेस रुग्ण खरे सांगत नाही.

त्यांना चप्पल काढायला लावून, डोळे मिटवून, मधुमेहाने पायाची संवेदना गेली आहे का हे पाहायला 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवला. अंगठ्याखाली तो वाकला तरी आजी म्हणत होत्या, “लावा की, डॉक्टर!” टाचेच्या भेगेत रुतलेला बाभळीचा काटाही त्यांना जाणवला नव्हता. तो पाहून माझ्या पोटात गोळा आला.

काटा काढून जखम धुतली, पाच मिनिटे शांत बसवून रक्तदाब पुन्हा मोजला, लघवीतील प्रथिनांची तपासणी सांगितली आणि डोळ्यांचा पडदा वर्षभरात तपासलेला नसल्याने ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी दिली. रोज रात्री आजीचे पाय पाहण्याचे काम सोबत आलेल्या नातीने आपणहून मागून घेतले.