ऑक्सिमीटरवर ९८

त्या रात्रीचं कोणाला सांगायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, अहो मग हीटर का नाही लावला. आमचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, छत उंच, पुढे ट्रक घुसेल एवढं शटर. इथे हीटर लावला तर गरम हवा वर पत्र्याला जाऊन बसते आणि खाली गाडीखाली पडलेल्या माणसाच्या वाट्याला काही येत नाही. मालक दरवर्षी म्हणतो पुढच्या हिवाळ्यात बघू. त्याचं केबिन लहान आहे, तिथे ऊब लवकर धरते.

गाडीखाली खरी थंडी कोब्यातून येते. वर चार स्वेटर घाला, पाठीतली ऊब कोबा ओढूनच घेतो, म्हणून मी आधी पुठ्ठ्याचे तीन थर टाकतो आणि त्यावर जुन्या सीटचा फोम. आतला बनियन सुती नको, एकदा घामाने भिजला की वाळत नाही आणि मग तोच गारठवतो, लोकर भिजली तरी बरी. हाताला पातळ लोकरी मोजे, वर एक साइज मोठे नायट्राइलचे. पाने-गोट्या लाकडी पेटीत आणि पेटीत जुना ६०चा पिवळा बल्ब, ही माझी स्वतःची आयडिया आणि मला तिचा अभिमान आहे, कारण गार पाना धरून धरून बोटं बधिर झाली की आट्याची जाण जाते. बोल्ट सरळ चढतोय की तिरका हे गाडीखाली दिसत नसतं, बोटाला कळतं. त्यात ब्रेक क्लीनर हातावर सांडला तर संपलंच, तो उडताना हाताची होती-नव्हती ती ऊब घेऊन जातो.

तर त्या दिवशी डिझेल गाडी, क्लच प्लेटचं काम. गिऱ्हाइकाला सकाळी ६ला निघायचं होतं. तीन महिने क्लच घसरतोय ते चालतं यांना, लांब जायच्या आदल्या संध्याकाळी बरोबर आठवण येते. मालक घरी गेला, मी आणि हेल्पर पोरगा दोघंच. अकराच्या पुढे थंडी सहन होईना म्हणून लोखंडी शेगडीत कोळसे पेटवले, बाहेर चांगले फुलू दिले, धूर पूर्ण थांबल्यावर आत आणली आणि शटर वीतभर सोडून खाली ओढलं.

मी बेफिकीर नव्हतो हो. पेट्रोलचा कॅन, पार्ट धुवायचा ट्रे, सगळं आधी बाहेर काढलं, कारण पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या निखाऱ्यावरही पेट घेते. माझं सगळं लक्ष आगीकडे. धूर नाही म्हणजे शेगडी बिनधोक, असंच मी वीस वर्षं समजत होतो.

एकच्या सुमारास पोरगा म्हणाला, "दादा, डोकं दुखतंय." मी म्हटलं मोबाइल कमी बघ. नवी पोरं थंडीत काम टाळायला कारण शोधतात हे माझं मत होतं आणि अजूनही थोडं आहे, खोटं कशाला बोलू. गिअरबॉक्स चढवताना शेवटचं बोटभर अंतर राहतं, तिथे सगळी परीक्षा. शाफ्टचे दाते प्लेटमध्ये बसत नाहीत तोवर बोल्टाने ओढायचं नाही, हाउसिंगचा कान तुटतो. गिअरमध्ये टाकून मागून शाफ्ट थोडा थोडा फिरवायचा, दुसऱ्याने बॉक्स हलवत राहायचा, आणि बसला की खट्‌कन आवाज येतो. त्या रात्री हे एवढंसं काम आम्हाला तास पुरलं. पोराच्या हातातून गोटी दोनदा पडली, मी ओरडलो. डोकं माझंही ठणकत होतं पण मी म्हटलं कानटोपी घट्ट आहे.

मग त्याला उलटी झाली. करोनात घेतलेला ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये होता, तो लावला. बोट गार म्हणून आधी आकडाच दाखवेना, चोळून चोळून गरम केलं आणि मग आला ९८. मला एवढं बरं वाटलं. म्हटलं काही नाही रे, थंडी बाधली, जा शेगडीजवळ बस जरा.

मी त्याला शेगडीजवळ बसवलं.

तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन, झालं का विचारायला. आत रेंज नाही म्हणून शटर थोडं वर करून वाकून बाहेर आलो तर सरळ होताना पाय लटपटले, भिंत धरावी लागली. पलीकडून तो म्हणतो, "तुमचा आवाज जड का येतोय, झोपला होता का?" मला त्या माणसाचा राग आला होता आणि त्याच्याच त्या वाक्याने माझी ट्यूब पेटली. शटर पूर्ण वर सारलं, पोराला काखेत धरून ओढत बाहेर आणलं. गाडी पाठव म्हटलं तर तो गिऱ्हाईक स्वतः आला.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर मॅडमनी दोनच गोष्टी विचारल्या, दोघांनाही एकाच वेळी त्रास झाला का, आणि आत काय पेटवलं होतं. मी ९८चं सांगितलं तर मान हलवून म्हणाल्या, ते मशीन रक्ताचा रंग बघतं, कार्बन मोनॉक्साइड धरून बसलेलं रक्तही त्याला तसंच लाल दिसतं. हा वायू ऑक्सिजनपेक्षा २००हून जास्त पट घट्ट चिकटतो, साध्या हवेत निम्मा उतरायला चार-पाच तास, मास्क लावून ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. म्हणून दोघांना मास्क. आणि ना रंग ना वास, फुललेल्या बिनधुराच्या निखाऱ्यातूनच भरपूर येतो, वजनाला जवळपास हवेइतकाच म्हणजे खालच्या वीतभर फटीतून आपला आपण निघून जाईल हेही नाही.

पोरगा चौथ्या दिवशी कामावर आला. काही बोलला नाही, शटर वर केलं आणि खाली जॅक स्टँड उभा केला. रोज करतो. मालकाने त्या वायूचा अलार्म आणून लावलाय, हीटरचं पुढच्या हिवाळ्यात बघू.

गाडी तशीच जॅकवर होती. रात्री लावलेले गिअरबॉक्सचे बोल्ट परत तपासायला घेतले. पोराने लावलेले दोन तिरके चढलेले, आटे खराब, ते होणार हे धरूनच चाललो होतो. वरचे दोन माझे. ते मी पक्के आवळले, टॉर्क बघून आवळले, असं मला अजूनही स्पष्ट आठवतंय. त्यातला एक नुसत्या बोटाने फिरला.