स्कॅनर लागत नाही म्हणजे ईसीएम गेला असं नसतं

पिकअपवाल्यांसाठी लिहितोय. गाडीतला बिघाड वाचणारा स्कॅनर लावला आणि त्याची लाईटच पेटली नाही की बऱ्याच गॅरेजमधे एकच वाक्य ऐकायला मिळतं, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलाय. ते ऐकून पोटात गोळा येतो कारण खर्च मोठा, आणि गाडी उभी राहिली की धंदा बंद.

आमची बीएस ६ पिकअप नारायणगाववरून वाशीला टोमॅटो नेते, धाकटा भाऊ चालवतो. परत येताना माळशेज चढायला रिकामी गाडी पण ओढेना, चेक लाईट पेटलेली. गॅरेजमधे स्कॅनर लावला तर डेड, मेस्त्री म्हणाले शोरूमला न्या. भावाचा फोन आला तेव्हा मी दोनच गोष्टी विचारल्या. गाडी चालू होते का? तर म्हणे हाफ सेल्फला. मग ईसीएम कसा गेला असेल, कॉमनरेल डिझेलला इंजेक्टर तोच उघडतो, तो मेला असता तर इंजिन चालूच झालं नसतं. दुसरं, मोबाईलचा चार्जर चालतो का? "नाही ना दादा, तो कधीचाच बंद आहे." तिथंच मला अंदाज आला.

स्टेअरिंगखाली जे १६ पिनांचं सॉकेट असतं त्यातून स्कॅनरला करंट पण मिळतो, १६ नंबर पिनला बॅटरीचा थेट प्लस, ४ आणि ५ ला अर्थ म्हणजे मायनस. बऱ्याच गाड्यांमधे हा प्लस आणि लायटर सॉकेट (ज्यात मोबाईलचा चार्जर लावतो) एकाच फ्यूजवर असतात, आमच्या गाडीत पण तसंच आहे. इंजिनच्या ईसीएमचा फ्यूज वेगळा, म्हणून इंजिन चालू होतं आणि स्कॅनर मात्र मेलेला.

गाडी घरी आल्यावर मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवला. सॉकेटची रुंद बाजू वर धरली की वरच्या ओळीत डावीकडून चौथी पिन अर्थ आणि खालच्या ओळीत उजवीकडची शेवटची १६ नंबर. काळी ४ ला, लाल १६ ला, बारा-साडेबारा दिसायला पाहिजे होते, आला शून्य. इथे एक सांगतो, मीटरची जाड सुई पिनमधे दाबून घुसवू नका, आतली पत्ती फाकते आणि मग स्कॅनर कायमचा लूज बसतो, नुसती टेकवायची.

फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो तो बघून लायटरचा फ्यूज काढला, निळा, १५ अँपिअरचा. उजेडात धरला तर आतली तार मधेच तुटलेली आणि प्लास्टिकवर काळा डाग. एकेक फ्यूज उपसायचा नसेल तर टेस्ट लॅम्पचा चिमटा बॉडीला लावा आणि फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन बारीक धातूच्या टिकल्यांना टोक लावत जा, चावी ऑन ठेवून. दोन्हीकडे लाईट लागली तर फ्यूज चांगला, एकाच बाजूला लागली तर उडालेला.

पण नवा फ्यूज लगेच टाकायचा नाही, आधी तो का उडाला ते शोधायचं, नाहीतर नवा पण जातो. लायटर सॉकेटमधे टॉर्च मारली तर स्वस्तातल्या चार्जरची पुढची धातूची टोपी सुटून आत आडवी पडलेली, मधला प्लस आणि कडेचा अर्थ दोन्हीला टेकून. बॅटरीचा मायनस काढून पकडीने ती बाहेर ओढली, टोकाला जळाल्याची खूण होती. मग १५ चाच फ्यूज टाकला. काही जण ३० चा हिरवा टाकतात किंवा तार गुंडाळतात, असलं अजिबात करू नका, मग फ्यूजच्या ऐवजी डॅशबोर्डमागची वायर तापते, आणि ती जळाली तर पूर्ण गाडीला धोका.

बॅटरी जोडून स्कॅनर लावला, लगेच पेटला. बिघाडाचा कोड निघाला पी००८७, म्हणजे रेलमधे (इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या पाईपमधे) डिझेलचं प्रेशर कमी. डिझेल फिल्टर चोक होता, तो बदलला, डिझेलच्या लाईनमधली एअर काढली, कोड क्लिअर केला आणि भावाला लोड भरून घाटात पाठवलं, गाडी आता ओढतेय. चार्जर चांगला घेतलाय आणि फ्यूज बॉक्सच्या झाकणात १० आणि १५ चे जादा फ्यूज ठेवलेत.