तार तुटली तर मशीन थांबले पाहिजे: आमची वाटचाल

सुरुवातीला आमच्याकडे मशीनच्या धोकादायक भागांपर्यंत हात जाऊ नये म्हणून फक्त पत्र्याचे आणि जाळीचे गार्ड बनत. बेल्ट, पुली, चेन, कपलिंग झाकून द्यायचे, एवढेच काम. त्यातही भोकाचे माप आणि धोक्यापासूनचे अंतर ही जोडी कधी तोडायची नसते. आयएसओ १३८५७ या मानकाप्रमाणे ८ ते १० मिमीच्या चौकोनी भोकाला २५ मिमी अंतर पुरते. तेवढ्याच रुंदीची लांब फट असेल तर ८० मिमी लागते, कारण फटीतून बोटे मुळापर्यंत आत जातात. २० ते ३० मिमीची लांब फट ठेवली तर थेट ८५० मिमी, म्हणजे खांद्यापर्यंतचा हात. ग्रीस भरण्यासाठी गार्डला नंतर कापलेली छोटीशी फट याच गणितात नापास होते. ग्रीसची नळी आधीच गार्डबाहेर काढून दिली की ती कापायची वेळच येत नाही.

जो गार्ड दिवसातून दहा वेळा उघडावा लागतो, तो बोल्टने बंद राहत नाही. म्हणून आम्ही गार्डला दारे करून त्यांवर स्विच बसवू लागलो, आणि खरा अभ्यास तिथे सुरू झाला. दार बंद झाले की लिमिट स्विच दाबला जावा आणि सर्किट जुळावे, ही रचना सगळ्यांना आधी सुचते. पण स्विचचा दांडा चिकटपट्टीने दाबून ठेवला की दार उघडे असतानाही मशीन चालते. शिवाय दार उघडल्यावर संपर्क सोडवायचे काम एका बारीक स्प्रिंगवर असते. स्प्रिंग तुटली किंवा संपर्क वेल्ड झाला, तर सर्किट जुळलेलेच राहते. उलट रचनेत दार उघडताना बिजागरीवरचा कॅम (उंचवट्याची चकती) दांडा दाबतो आणि एनसी संपर्क (दांडा दाबलेला नसताना जुळलेला असणारा) यांत्रिक जोराने फाडून वेगळा करतो. चिकटलेला असला तरी तो सुटतो. अशा स्विचवर वर्तुळात बाणाची खूण असते. ती नसलेला स्विच आम्ही सुरक्षेच्या सर्किटमध्ये घालत नाही. या रचनेचीही एक बाजू कमजोर आहे: कॅम झिजला किंवा स्विच जागेवरून सरकला, तर दार उघडूनही दांडा दाबला जात नाही. म्हणून जिथे हात जाण्याची शक्यता रोजची आहे, तिथे दोन्ही प्रकारचा एकेक स्विच, दोन वेगळ्या चॅनेलवर, म्हणजे तारांच्या दोन स्वतंत्र मार्गांवर.

दारानंतर पॅनेल. २४ व्होल्ट सप्लायची शून्य बाजू एका ठिकाणी अर्थ करायची, मशीन सुरू करणाऱ्या रिलेच्या कॉइलचे एक टोक थेट तिथे न्यायचे आणि सगळे स्विच वरच्या, म्हणजे २४ व्होल्टच्या बाजूला ठेवायचे. मग इन्सुलेशन घासून तार फ्रेमला लागली तर फ्यूज उडतो. स्विच शून्य बाजूला असते, तर तीच तार फ्रेमला टेकताच कॉइल ओढली गेली असती आणि कोणी बटण न दाबता मशीन सुरू झाले असते. सेन्सर पीएनपी (२४ व्होल्टची बाजू जोडणारा) घेण्याचा आमचा आग्रह याच कारणाने आहे.

इमर्जन्सी बटणाबद्दल लोक निर्धास्त असतात: लाल टोपी, पिवळी पार्श्वभूमी, काम झाले. पण बटणाचा संपर्काचा ठोकळा पॅनेलच्या आतून नुसता क्लिप केलेला असतो. कंपनांनी तो निखळला तर बटण दाबले जाते, खटका बसतो, आणि एनसी संपर्क जसाच्या तसा जुळलेला राहतो. बाहेरून काहीच कळत नाही. त्यासाठी ठोकळा निखळताच सर्किट तोडणारा संपर्क मिळतो. आम्ही तोच वापरतो. बटण सोडवल्यावर मशीन आपोआप सुरू होता कामा नये. त्यासाठी रीसेट वेगळा आणि स्टार्ट वेगळा.

सर्वांत जास्त वेळ आम्ही घालवतो तो कॉन्टॅक्टरवर, म्हणजे मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचवर. मोटरचा भार तोडता तोडता मुख्य संपर्क कधीतरी चिकटणारच, हे गृहीत धरून दोन कॉन्टॅक्टर सिरीजमध्ये घालतो. एक चिकटला तरी दुसरा तोडतो. पण पहिला चिकटल्याचे कळले नाही, तर दुसराही चिकटेपर्यंत मशीन चालतच राहील. म्हणून दोन्हींचे मिरर एनसी संपर्क (मुख्य संपर्कांच्या उलट चालणारे) सेफ्टी रिलेच्या, म्हणजे सुरक्षेचे स्विच तपासून मगच मशीन चालू देणाऱ्या रिलेच्या रीसेट लूपमध्ये घेतो. मुख्य संपर्क चिकटलेला असताना मिरर संपर्क जुळूच शकत नाही, त्यामुळे रिले रीसेट नाकारतो. इथे फिटरला वाटते की रिलेच खराब आहे, आणि लूपच्या दोन टर्मिनलवर जम्पर (दोन्ही थेट जोडणारी तार) पडतो. असा जम्पर दिसला की आधी कॉन्टॅक्टर उघडून पाहावा.

चार दारांचे स्विच एकाच रिलेवर सिरीजमध्ये घातले की आणखी एक फसगत होते. दुसऱ्या दाराचा एक चॅनेल शॉर्ट असेल, तर ते दार उघडल्यावर रिले दोष पकडून अडतो. मग कोणीतरी पहिले दार उघडून लावतो, दोन्ही चॅनेल एकदम तुटून जुळतात, आणि रिलेला सगळे ठीक वाटते. दोष आत तसाच राहतो. महत्त्वाच्या दारांना आता आम्ही स्वतंत्र इनपुट देतो.

वीज तोडणे म्हणजे सुरक्षितता, हेही प्रत्येक वेळी खरे नसते. उभ्या सिलिंडरची हवा सोडली तर वजन खाली येते. तिथे दांडा धरून ठेवणारे रॉड-लॉक किंवा हवा आत अडवणारा पायलट चेक व्हॉल्व्ह लागतो. व्हॅक्यूमने धरलेला माल वीज जाताच सुटतो. मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हचा एसटीओ (सेफ टॉर्क ऑफ) मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर काढतो, पण ब्रेक लावत नाही आणि आतला व्होल्टेजही घालवत नाही. फ्लायव्हील फिरत राहणार असेल, तर दाराचे लॉक स्प्रिंगने लागणारे आणि विजेने सुटणारे हवे, म्हणजे वीज गेली तरी दार बंद राहते. आत माणूस अडकण्याइतकी जागा असेल, तर आतून सोडवण्याची कळही हवी.

स्विच बायपास झालेला दिसला की पूर्वी आम्ही अधिक कोडिंगचा (फक्त आपल्या जोडीदाराला ओळखणारा, फसवायला अवघड) स्विच सुचवायचो. आता आधी विचारतो: दार उघडे ठेवून काय करावे लागते? बहुतेकदा उत्तर सेटिंग हेच असते. मग किल्लीचा मोड स्विच, कमी केलेला वेग आणि तीन-स्थितींचे हातातले बटण देतो. ते मध्यापर्यंत दाबले तरच मशीन हलते; सोडले तरी थांबते आणि घाबरून घट्ट आवळले तरी थांबते.

लाइट कर्टन, म्हणजे हात आडवा येताच मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा, मात्र आम्ही धोक्यापासूनचे अंतर मोजल्याशिवाय लावत नाही. कर्टन २०, रिले ३० आणि प्रेस थांबायला १५० मिलिसेकंद, म्हणजे एकूण ०.२ सेकंद. हात सेकंदाला २००० मिमी धरायचा. १४ मिमी रिझोल्यूशनला (कर्टनला हमखास दिसणारी सर्वांत लहान वस्तू) अंतर ४०० मिमी येते. ३० मिमीच्या कर्टनला हात थोडा आत गेल्यावरच दिसतो, म्हणून वर १२८ धरले की ५२८ होते. ५०० च्या वर गेल्याने वेग १६०० धरून पुन्हा हिशेब केला की ४४८ येतात, पण ५०० च्या खाली यायची मुभा नाही, म्हणून ५००. पिन क्लचचा प्रेस फेरा अर्धवट थांबवूच शकत नाही; त्याला कर्टन लावणे म्हणजे खोटा दिलासा.

थांबण्याचा वेळ दरवर्षी पुन्हा मोजावा लागतो, कारण ब्रेकचे लायनिंग झिजते. १५० चे २०० मिलिसेकंद झाले तर १४ मिमीचा कर्टन १०० मिमी मागे घ्यावा लागतो, नाहीतर लायनिंग बदलावे लागते. आणि मागे घेतल्यावर कर्टन आणि प्रेसच्या मध्ये माणूस उभा राहील एवढी जागा उरत नाही ना, तेही तिथे स्वतः उभे राहून पाहावे लागते.